गच्चीवरचा सामू

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचे विषय दर पाच-सात वर्षांनी बदलतात. अकोल्यात गोरक्षण रोडवर किंवा अमरावतीत वडाळी तलावाच्या बाजूनं चालताना कान उघडे ठेवले की हे कळतं. एके काळी बीपी होतं. मग शुगर आली. मग व्हिटॅमिन डी आणि बी-ट्वेल्व्ह आले आणि बरेच दिवस मुक्काम ठोकून राहिले. सध्या पीएच आहे. "काल साडेसात होता, आज पहाटे पाहतो तर पावणेआठ," असं कुणी खोल गेलेल्या आवाजात सांगत असेल तर त्याला घाईनं दवाखान्यात नेऊ नये. तो कुंडीबद्दल बोलतोय. फार तर टोमॅटो दगावेल.

हा पीएच आमच्याकडं गच्चीवरून उतरला. पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला, घर दुमजली, वर तापलेली रिकामी गच्ची, आणि हातातल्या मोबाइलवर कुठल्या तरी हिरव्यागार मुलखातल्या माणसाची बाग. तो माणूस हसत हसत सांगतो, कुंडीतल्या मातीचा पीएच साडेसहाच्या जवळ हवा. कमी भरला तर चमचाभर चुना घाला, ठीक होईल. हे ऐकून वऱ्हाडातला माणूस मोबाइल बाजूला ठेवतो आणि आपल्या कुंडीकडं बघतो. चुना घाला? त्याच्या मातीत चुना सोडून उरलेलं काय आहे, हाच खरा प्रश्न आहे.

आमची काळी माती बेसॉल्टच्या खडकातून झालेली. त्या खडकात कॅल्शियम-मॅग्नेशियम मुबलक, आणि पाऊस असा की पिकाला जेमतेम पुरतो, मातीला धुऊन काढत नाही. कोकणात धो धो पावसानं सगळे क्षार वाहून समुद्रात जातात आणि मागं आंबटसर जांभी माती उरते. इथं जे आहे ते इथंच राहतं, खाली झिरपतं आणि चुनखडीचे पांढरे खडे होऊन बसतं. त्यामुळं अमरावती-अकोल्याच्या साध्या शेताचा पीएच आठाच्या आगेमागे निघतो आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यात साडेआठही ओलांडतो. तो मोजणं म्हणजे अकोल्यात मे महिन्यात थर्मामीटर लावून ऊन पडलंय का ते पाहणं. तरी लोक मोजतात. आकडा दिसला की दुःखाला पावती मिळाल्यासारखं वाटत असावं.

पीएच हे माप निघालं बिअरच्या कारखान्यात. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते बसवलं. सात म्हणजे मध्यम, खाली आम्ल, वर अल्क, इथपर्यंत कुणालाही समजतं. खोच पुढं आहे. एक अंक सरकला की फरक दहा पटींचा. साडेसहाची माती आणि साडेआठची माती यांच्यात अंतर दोनाचं दिसतं, पण हिशेब शंभर पटींचा होतो. माझे साडू बँकेतून निवृत्त झालेले. चक्रवाढ व्याज ही जगातली सर्वांत कपटी गोष्ट आहे असं ते चाळीस वर्षं मानत आले. पीएचची ही पद्धत समजल्यापासून त्यांनी चक्रवाढ व्याजाला माफ केलं आहे.

साडू अमरावतीला, मी अकोल्याला. त्यांच्या गच्चीवर हिरवी जाळी, खाली कुंड्या, ग्रो बॅगा, रंगाचे रिकामे डबे, एक फुटका वॉशबेसिन, आणि या सगळ्यांत काही ना काही पेरलेलं. पहिला मीटर त्यांनी आणला तो दोन सुयांचा. ना बॅटरी, ना बटण. मातीत खुपसायचा आणि काटा वाचायचा. त्यानं तुळशीत सात दाखवला, कढीपत्त्यात सात दाखवला, शेणखताच्या पोत्यातही सात. साडूंनी शेवटी तो लिंबात खुपसला. काटा जरासा थरथरला आणि सातावर येऊन उभा राहिला. इतका निःपक्षपाती अधिकारी आपल्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी त्याला सन्मानानं निवृत्त केलं.

दुसरा मीटर पेनासारखा. हा खरं बोलतो, पण त्याचा मान ठेवावा लागतो. त्याच्या टोकाला काचेचा फुगा असतो, तो वाळू द्यायचा नाही. त्याच्यासोबत तीन पुड्या येतात, ४, ६.८६ आणि ९.१८ अशा. त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायच्या आणि मीटरला अधूनमधून आठवण करून द्यायची की बाबा, चार म्हणजे हे आणि नऊ म्हणजे हे. डिस्टिल्ड वॉटर मिळतं बॅटरीच्या दुकानात. गाडी नसलेला माणूस दर महिन्याला बॅटरीचं पाणी का नेतो, याबद्दल त्या दुकानदाराच्या मनात साडूंविषयी एक मत तयार झालं आहे. मग दहा ग्रॅम माती, पंचवीस मिलिलिटर पाणी, मधूनमधून ढवळत अर्धा तास. प्रयोगशाळेत असंच करतात. फरक इतकाच, की प्रयोगशाळेत कुणाची बायको "त्या पेल्यात मी काल मठ्ठा केला होता" असं म्हणत नाही.

कृषी खात्याच्या कागदांवर पीएचला सामू म्हणतात. साडूंना तो शब्द आवडला. रोज सकाळी ते गच्चीवरून उतरले की मेव्हणीबाई विचारतात, "आज सामू कसा आहे?" आणि ते म्हणतात, "कालच्यापेक्षा बरा, पण चढतोच आहे." साडूंच्या आईंना ऐकू कमी येतं आणि जे येतं ते त्या सोडत नाहीत. महिनाभर ऐकून त्यांनी एकदा विचारलं, "हा सामू कोनाचा पोट्टा हाय? रोज तब्येत इचारता, एखांद्या दिवशी पाह्याले त जा."

एवढ्यात कॅनडाहून फोन आला.

साडूंचा मुलगा ऑन्टारिओत असतो. शिकायला म्हणून गेला, आता तिथंच नोकरीला आहे. त्यानं विचारलं, "बाबा, कुंडीचा पीएच पाच पूर्णांक दोन झाला तर काय करायचं?" साडूंचा ऊर भरून आला. ज्या मुलानं इथं असताना तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, तो परदेशात जाऊन शेतीला लागला. कोणतं झाड, म्हणून त्यांनी विचारलं. तिकडं जरा शांतता झाली. मग तो म्हणाला, "औषधी आहे. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांचं. त्यांना संधिवात आहे. मी त्यांच्यासाठी विचारून राह्यलो."

ते झाड गांजाचं होतं. कॅनडात रुग्णांना औषधासाठी गांजा लावायची परवानगी २००१ पासून आहे आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून तर देशाच्या कायद्यानं कुठल्याही प्रौढाला घरी चार रोपं लावता येतात. जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून माणशी तीन रोपांना मुभा दिली. हे सगळं मुलानं बापाला दहा मिनिटं समजावून सांगितलं, जरुरीपेक्षा जास्त सविस्तर. साडूंचा शेजारच्या आजोबांवर पूर्ण विश्वास आहे. मेव्हणीबाईंचा नाही. "आजोबांचं नाव काय रे?" असं त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या सुरांत विचारलं आहे.

मग व्हिडिओ कॉलवर रोप दाखवण्यात आलं. साडूंच्या आईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि निकाल दिला. "अंबाडी हाय. कोवळी हाय तवरच खुडून घे. ज्वारीच्या कन्या घालजो अन् वरून लसणाची फोडनी दे."

लोक हसले, पण आईंचं चुकलं असं वनस्पतिशास्त्रसुद्धा म्हणणार नाही. अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच मुळी हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण तिची बोटं पसरलेली पानं गांजाच्या पानांसारखी दिसतात. कुणीतरी युरोपियन विद्वान फसला असेल तिथं आमच्या आईंनी फसण्यात काही कमीपणा नाही. शिवाय वऱ्हाडी माणसाला जगातलं कोणतंही हिरवं पान दाखवलं तरी तो पहिल्यांदा त्याची भाजी होते का, याचाच विचार करणार.

आता पाच पूर्णांक दोनचं काय करायचं. मुलानं, म्हणजे आजोबांनी, कुंडीत पीट मॉस भरलं होतं. उत्तरेकडच्या थंड दलदलीत शेवाळ साठून झालेलं हे पीट मुळातच आंबट, पीएच चारच्या घरात. गांजाला मातीत सहा ते सात आणि कोकोपीटसारख्या बिनमातीच्या माध्यमात साडेपाच ते साडेसहा असं लागतं. पीएच त्याच्या खाली उतरला की कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळांना घेता येत नाही. फार वर चढला की लोह आणि जस्त हाती लागत नाही. अन्न ताटात असतं, पण उचलता येत नाही. कॅनडात त्यावर उपाय एकच, पिशवीतून चुना विकत आणायचा. डोलोमाइट चुना.

हे ऐकून साडू बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या चुन्यानं अख्ख्या वऱ्हाडाला जेरीस आणलं, तो तिकडं पाकिटात विकला जातो! "किती डॉलरला रे?" त्यांनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. आपल्या वडिलोपार्जित चार एकरांत, वरच्या वीतभर थरात, किती डॉलरचा चुना पडला आहे, याचा हिशेब त्यांनी त्या रात्री केला. त्या हिशेबानं ते अमरावती जिल्ह्यातल्या पहिल्या दहा श्रीमंतांत बसतात.

चुन्यानं पीएच चढवण्याचं शास्त्र तसं आम्हाला कुणी शिकवायला नको. चौकातला खर्रेवाला पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन दिवसभर घोटत बसतो, तो काय करत असतो? चुन्यानं पीएच वाढतो, तंबाखूतलं निकोटिन सुटं होतं आणि गालाच्या कातडीतून झटक्यानं रक्तात जातं. सोरेन्सनच्या कितीतरी आधीपासून हे चाललंय. त्याचं फळ तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात दिसतं, ते वेगळं. पण नुसत्या रसायनशास्त्राचं बोलायचं तर वऱ्हाडातल्या प्रत्येक पानठेल्यावर एक प्रयोगशाळा आहे, आणि तिथं बफरच्या पुड्या लागत नाहीत.

फोन झाल्यावर साडूंच्या डोळ्यांत एक चमक दिसू लागली. ती ओळखून मी त्याच रात्री त्यांना कायदा वाचून दाखवला. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, कलम वीस. भारतात परवानगीशिवाय गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. उत्तराखंडानं २०१८ मध्ये परवाना दिला तो धाग्याच्या, म्हणजे नशा नसलेल्या जातीच्या शेतीसाठी. अमरावतीच्या गच्चीसाठी नाही. कुंडीचा सामू किती होता, हे कोर्ट विचारत नाही.

"पण इंग्रजांच्या काळात तर इथंच पिकायचा," साडू म्हणाले. हे खरं आहे. इथंच म्हणजे डोंगरापलीकडं, खंडव्याला. जुन्या मध्य प्रांतात गांजाची शेती सरकारनं खंडवा तहसिलीतल्या एका टापूपुरती ठेवली होती, परवाना देऊन आणि देखरेखीखाली. अकोल्याहून मीटरगेजनं अकोट, धूळघाट करत जिथं जायचो, तेच खंडवा. १८९३-९४ साली सरकारनं या विषयावर आयोग नेमला, त्यानं देशभर फिरून अकराशेहून जास्त साक्षीदार तपासले आणि काही हजार पानांचा अहवाल लिहिला. त्या हजारो पानांत पीएच असण्याचा संभवच नव्हता. तो जन्मायला अजून पंधरा वर्षं होती. खंडव्याचे शेतकरी मीटरशिवाय पिकवायचे, आणि आयोगाला बोलवावं लागेल इतकं पिकवायचे. हे ऐकून साडू विचारात पडले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण औषधी झाड तर मी लावणारच. पोरापेक्षा मी कमी आहे का?"

त्यांनी पानपिंपळी लावली. ही निवड मात्र नामी होती. अकोट, तेल्हारा आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजानं पानमळ्यांच्या जोडीनं पानपिंपळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. खोकल्यापासून अपचनापर्यंत आयुर्वेदात तिच्यावाचून पान हलत नाही. वेल नाजूक, सावली मागणारी, पाण्याचा निचरा मागणारी आणि फारशी अल्कधर्मी माती न मानवणारी. म्हणजे कायद्याला चालते आणि अमरावतीच्या गच्चीला चालत नाही. साडूंना हवं होतं तेच मिळालं, एक आव्हान.

पंधरा-वीस दिवसांत नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. वरुड-मोर्शीच्या संत्राबागा पाहिलेल्या माणसाला हे चित्र दुरून ओळखू येतं. लोहाची कमतरता. गंमत अशी की आमच्या मातीत लोह भरपूर आहे. बेसॉल्टच तो, त्याचा काळेपणा उगाच नाही. पण पीएच आठावर गेला की ते लोह अशा रूपात अडकतं की मुळांना विरघळवता येत नाही. बागायतदार मग हिराकस आणि झिंक सल्फेट पानांवर फवारतो, कारण जमिनीत टाकलेलं हिराकस जमीन चुन्यासोबत गिळून टाकते. खताच्या दुकानात चिलेटेड लोह मिळतं, पण त्यातलं ईडीटीएवालं आमच्या पीएचला टिकत नाही. ईडीडीएचएवालं टिकतं आणि त्याची किंमत ऐकून माणूस टिकत नाही.

इथून पुढं गच्चीवर जे झालं त्याला साडू उपचार म्हणतात. आधी व्हिनेगर. पाण्याचा पीएच झपकन सहावर आला, साडूंनी मला फोटो पाठवला, आणि चौथ्या दिवशी माती होती तिथं परत. मातीतले जिवाणू व्हिनेगर खाऊन मोकळे होतात, हे त्यांना नंतर कळलं. मग ताक. ताकानं पीएच किती उतरला ते कळलं नाही, कारण मुंग्यांमुळं मीटर घालायला जागाच उरली नाही. मग तुरटी, मग लिंबूसत. लिंबूसताच्या दिवशी मेव्हणीबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराला कडी घातली.

कुणीतरी सांगितलं, दोष मातीचा नसून पाण्याचा आहे. हे मात्र बरोबर होतं. कुंडीत तुम्ही केरळचं कोकोपीट भरा नाहीतर कॅनडाचं पीट, त्यावर रोज बोअरचं पाणी घातलं की महिन्या-दोन महिन्यांत तेही वऱ्हाडी होतं. त्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी उडून जातं, ते राहतं. नळाच्या तोटीवर जी पांढरी खपली धरते, तीच मुळांशी धरते. म्हणून साडूंनी पाण्याचा सोर्स बदलायचं ठरवलं आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायला सुरुवात केली. वाया कशाला घालवायचं, हा विचार. कूलर दिवसभर पाणी हवेत उडवतो आणि क्षार टाकीत ठेवतो. म्हणजे बोअरचं पाणी आटवून आटवून झाडांना पाजणं चाललं होतं. पानपिंपळीनं दोन दिवसांत राजीनामा दिला.

पावसाचं पाणी मात्र खरोखरच उत्तम. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळं ते आधीच थोडं आम्लधर्मी असतं, साडेपाचच्या जरा वर. पण ते जूनमध्ये येणार की जुलैत, हे त्या पेनाला कळत नाही आणि वेधशाळेलाही.

गंधक उरलं. गंधक मातीतल्या जिवाणूंच्या पोटातून जाऊन त्याचं आम्ल होतं आणि पीएच उतरतो. कुंडीत हे जमू शकतं. शेतात काय होतं ते साडूंनी पेन्सिलीनं काढलं. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात नुसता एक टक्का मोकळा चुना असेल तर तो बावीस टनांच्या आसपास भरतो, आणि तो मारायला सात टन गंधक लागतं. आमच्या जमिनी एक टक्क्यावर थांबत नाहीत. शिवाय त्याला महिने लागतात, पुढं वर्षही. आमच्या दोन शहरांमधल्या रस्त्याचा पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला आणि गिनीज बुकात गेला. त्या रस्त्याच्या कडेची माती मात्र कोणत्याही बुकात जायची घाई करत नाही.

अशात साडूंचा चुलतभाऊ दर्यापूर तालुक्यातून आला. तो खारपाणपट्ट्यातला शेतकरी. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे, नऊशेच्या आसपास गावं त्यात येतात. जमीन चोपण, आणि खालचं पाणी खारं. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की जमीन आणखी बिघडते. पावसाळ्यात या मातीत पाय टाकला तर पाय निघतो, चप्पल निघत नाही. अकोल्याच्या बाजूला वान धरणाचं पाणी चौऱ्यांशी खेड्यांच्या योजनेनं प्यायला येतं; ज्यांच्यापर्यंत गोड पाणी नीट पोचत नाही, त्या गावांतल्या मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल बोलताना तिथली माणसं विनोद करत नाहीत.

चुलतभावानं गच्चीवर येऊन कुंड्या पाहिल्या, बफरच्या बाटल्या पाहिल्या, तारीखवार आकडे लिहिलेली वही पाहिली. बँकेतला माणूस, वही नेटकी होती. साडूंनी अभिमानानं पेन दाखवलं. चुलतभावानं येताना बाटलीत आणलेलं विहिरीचं पाणी वाटीत ओतून त्यात बुडवलं. आकडा आठ पूर्णांक सहावर थांबला.

"आता?" चुलतभाऊ म्हणाला.

"आता काय? आठ पूर्णांक सहा. जास्त आहे."

"ते मले ठाऊक हाय. म्या इचारलं, हे बुडवल्यानं कमी होते का?"

"कमी नाही होत. फक्त दिसते."

"मंग कायले बुडवता, भाऊ? मले त जिभेनंच समजते." त्यानं पेन उलटंसुलटं करून पाहिलं. "कितीचं हाय?"

साडूंनी किंमत सांगितली. चुलतभाऊ म्हणाला, एवढ्यात त्याच्या बांधावर ट्रॉलीभर शेणखत आलं असतं. मग अर्धा तास तो जिप्समबद्दल बोलला. चोपण जमिनीला चिकटून बसलेलं सोडियम जिप्समच्या कॅल्शियमनं हटतं, पण ते वाहून न्यायला गोड पाणी आणि निचरा हवा. म्हणून तो शेततळ्यात पावसाचं पाणी धरतो, हिरवळीचं खत गाडतो आणि जमिनीला जे मानवतं तेच पेरतो. पावसाळ्यात कापूस नाहीतर मूग, ओल राहिली तर रब्बीत हरभरा. पानपिंपळीच्या वाळलेल्या वेलाकडं पाहून तो म्हणाला, "हे झाड मांगते ते वावर अंजनगावले हाय. तुमच्या गच्चीले काय पाह्यजे, ते इचारलं का तिले?"

गच्चीला विचारायचं म्हणून साडूंनी माती परीक्षणाला नमुना दिला. नियमाप्रमाणं शेतात इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, झाडाखालची, बांधावरची आणि उकिरड्याजवळची माती टाळायची, सगळं मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. कुंडीत व्ही आकाराचा खड्डा घेतला की कुंडीच संपते. तरी त्यांनी प्रत्येक कुंडीतून चमचा चमचा माती घेऊन वर्तमानपत्रावर चार भाग केले. गच्चीवरच्या वाऱ्यानं पाचवा भाग स्वतःचा करून घेतला. मग कापडी पिशवी, मग अर्ज. गट नंबर या रकान्यात त्यांनी घरपट्टीचा नंबर लिहिला. क्षेत्र: दुसरा मजला. सिंचनाचा स्रोत: बोअर व कूलर. मागील पीक: पानपिंपळी (मयत).

अहवाल आला. सामू ८.२, सेंद्रिय कर्ब बरा, चुना भरपूर. खाली शिफारशी, हेक्टरी किलोमध्ये. साडू संध्याकाळभर हेक्टरला कुंडीनं भागत बसले. त्यांच्या एका कुंडीला गुंजभर युरिया आणि चिमटीत न सापडणारं झिंक सल्फेट निघालं. घेण्याजोगी पिकं म्हणून कापूस, तूर, हरभरा यांची नावं होती.

दरम्यान कॅनडातल्या आजोबांचा पीएच डोलोमाइटनं सहा पूर्णांक तीनवर आला. संधिवातालाही आराम पडला म्हणे. मेव्हणीबाईंनी मुलाला विचारलं, "तुझे गुडघे कसे आहेत?" तर तो पटकन म्हणाला, "आता बरे आहेत," आणि मग लगेच नेटवर्क गेलं.

गच्चीवर यंदा हरभरा आहे. रंगाच्या डब्यांत, ग्रो बॅगांत, फुटक्या वॉशबेसिनमध्ये. ना व्हिनेगर, ना हिराकस, आणि पानं हिरवीगार. हरभरा या मातीशी भांडत नाही. उलट त्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. शेतातून चालताना पायांना जी आग होते, ती त्याचीच. डिसेंबरातल्या एका थंड रात्री साडूंच्या आईंनी धुतलेलं पांढरं फडकं त्या झाडांवर पसरवून ठेवायला लावलं आणि पहाटे दवानं भिजलेलं ते फडकं वाटीत पिळून घेतलं. ही हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर पूर्वी घरोघरी बाटलीत भरून ठेवलेली असायची.

साडूंना त्या दिवशी पोटाची तक्रार होतीच. आदल्या संध्याकाळी अंबाडीची भाजी जरा जास्त झाली होती. आईंनी आंबेचे चार थेंब पाण्यात टाकून पेला पुढं केला. साडूंनी पेला घेतला आणि दुसऱ्या हातानं खिशातलं पेन काढलं.

"थांब आई, आधी हिचा पीएच किती आहे ते पाहतो."

"पी म्हनलं नं तुले," आई म्हणाल्या, "पी!"